नौपाड्यातला फ्लॅट, काकूंचं मृत्युपत्र आणि खुनाचा संशय: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यातलं, २०२१ ते २०२३ मधलं. दोन्ही बाजूंना विचारून लिहितोय, नावं काढून टाकलीत, काही बारीक तपशील बदललेत, पण ज्या गोष्टींवर सगळं फिरलं त्या तशाच ठेवल्यात. आमचं ऑफिस भाचीच्या बाजूने होतं हे आधीच सांगतो, म्हणजे कुठे माझं पारडं झुकलेलं वाटलं तर कारण कळेल.

काकू ७९ वर्षांच्या. निवृत्त शिक्षिका, नवरा २००९ साली गेला, मूलबाळ नाही. नौपाड्यात जुन्या चाळवजा बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर नवऱ्याच्या नावाचा फ्लॅट होता तो त्यांच्या नावावर झालेला. शिवाय पगारातून आणि पेन्शनमधून साठवलेल्या एफडी आणि थोडं सोनं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली होती, त्यामुळे जो फ्लॅट इतकी वर्षं कोणाच्या डोळ्यावर येत नव्हता तो अचानक सगळ्यांना दिसायला लागला.

नातेवाईक म्हणजे नवऱ्याच्या भावाचे दोन मुलगे, थोरला आणि धाकटा पुतण्या, दोघे नवी मुंबईत. आणि काकूंच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणजे भाची, कळव्याला राहणारी. रोजची औषधं, बँक, डोळ्याचं ऑपरेशन, लॉकडाऊनमधली भाजी हे सगळं भाचीने बघितलं. पुतणे सणावारी यायचे, वाईट वागायचे असं अजिबात नाही, पण यायचे सणावारीच.

मार्च २०२१ मध्ये काकूंनी मृत्युपत्र केलं आणि फ्लॅट, एफडी, सोनं सगळं भाचीच्या नावे लिहिलं. रजिस्टर केलं नाही, तसं बंधनही नाही. सोसायटीत नॉमिनी पण भाचीच.

ऑगस्ट २०२१ मधल्या एका रविवारी सकाळी भाची डबा घेऊन गेली, बेल वाजवली, दार उघडेना, स्वतःकडच्या किल्लीने आत गेली तर काकू बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पडलेल्या, डोक्याला मागून मार. डॉक्टर आले तेव्हा जाऊन काही तास झाले होते.

अडचण कुठे सुरू झाली

घरात एकटं माणूस असं गेलं की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चौकशी होते, पंचनामा, पोस्टमॉर्टेम. इथेही झालं. कारण डोक्याला मार, आणि व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला. हे रुटीन आहे. पण 'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य घरच्यांच्या कानावर पडलं की त्याचा अर्थ 'पोलिसांना विषाचा संशय आहे' असाच घेतला जातो, आणि इथेही तेच झालं.

दहावं-तेरावं होईपर्यंत कोणी काही बोललं नाही. चौदाव्या दिवशी भाचीने मृत्युपत्र दाखवलं आणि घर फुटलं.

धाकट्याला कोर्टातल्या रहस्यकादंबऱ्यांचा भयंकर नाद, इस्टेट, मृत्युपत्र आणि खून हे त्यांचं ठरलेलं त्रिकूट. त्याने एका वहीत मुद्दे लिहून काढले होते, ती वही मी नंतर बघितली, आणि खरं सांगतो, मुद्दे वाईट नव्हते. एक, भाची शनिवारी रात्री नऊपर्यंत तिथे होती, खालच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसते. दोन, तिच्याकडे किल्ली. तीन, झोपेच्या गोळ्यांची दहाची स्ट्रिप शनिवारी संध्याकाळी आणली, केमिस्टचं बिल आहे, आणि रविवारच्या पंचनाम्यात त्या स्ट्रिपमध्ये तीनच गोळ्या. सात कुठे गेल्या? आणि चौथा मुद्दा सगळ्यात जड. जुलैमध्ये तो काकूंना भेटायला गेला तेव्हा त्या स्वतः म्हणाल्या होत्या, "तो कागद मला बदलायचाय रे." महिन्याभरात काकू गेल्या. संधी, साधन, हेतू, तिन्ही खाने भरले.

इथे कायद्याचा एक तुकडा सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २५: खून करणारा किंवा खुनाला मदत करणारा माणूस, ज्याचा खून झाला त्याचा वारस होऊ शकत नाही. कलमात 'कोर्टात दोषी ठरलेला' असे शब्द नाहीत, त्यामुळे दिवाणी कोर्टातही हा मुद्दा उभा करता येतो. हे तत्त्व कायद्याच्याही आधीचं आहे, १९२४ साली केंचव्वा विरुद्ध गिरिमल्लप्पा या मुंबई इलाख्यातल्याच प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं अपिलाचं शेवटचं कोर्ट) न्याय आणि सद्सद्विवेकाच्या आधारावर हेच सांगितलं होतं, आणि मृत्युपत्रावर हक्क सांगणाऱ्यालाही तेच लावा असा पुतण्यांच्या वकिलांचा युक्तिवाद. म्हणजे खुनाचा आरोप टिकला तर भाची बाहेर.

आणि भाची बाहेर गेली, किंवा मृत्युपत्रच पडलं, तर? बऱ्याच जणांना वाटतं की काकूंच्या स्वतःच्या कमाईच्या एफडी तरी माहेरच्या माणसांना मिळतील. नाही. मूलबाळ नसलेल्या विधवेची मिळकत कलम १५ प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचा नंबर त्यानंतर. २००९ साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच होतं, लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली बाई, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, माहेरच्यांनी शिकवली, नोकरी केली, आणि तिची स्वतःची कमाई शेवटी सासरच्यांना गेली. मला हा नियम कधीच पटलेला नाही, पण होता तसा सांगतोय. म्हणजे भाचीसाठी मृत्युपत्र म्हणजे सगळं किंवा शून्य.

कोणते पर्याय होते

पुतण्यांपुढे दोन. एक, खुनाचा गुन्हा नोंदवा म्हणून मॅजिस्ट्रेटकडे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५६(३) खाली जायचं. त्याला प्रतिज्ञापत्र लागतं (२०१५ च्या प्रियांका श्रीवास्तव निकालानंतर), म्हणजे खोटं निघालं तर अंगावर येऊ शकतं. दुसरा, मृत्युपत्रावरच हल्ला करायचा. थोरल्याला दुसरा हवा होता, धाकट्याला पहिला. शेवटी पोलिसांकडे लेखी तक्रार दिली, मॅजिस्ट्रेटकडे गेले नाहीत, आणि दिवाणी कोर्टात कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज) टाकून ठेवलं.

भाचीपुढे तीन. नॉमिनी म्हणून सोसायटीकडून फ्लॅट नावावर करून घ्यायचा, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) घ्यायचं, किंवा ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा (मृत्युपत्राप्रमाणे मालकी माझी असं कोर्टाने जाहीर करावं म्हणून). पहिला रस्ता सगळ्यांना सोपा वाटतो पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला आलेल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे वारस ठरेपर्यंत तो तात्पुरता सभासद, बस. कमिटीने पण हात वर केले, "मॅडम, कोर्टाची ऑर्डर आणा, आम्हाला बिल्डरकडे करार द्यायचाय." प्रोबेटचं गणित मजेशीर होतं. तेव्हाच्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं, ठाण्याला नाही. मुलुंड चेकनाका ओलांडला की नियम बदलायचा. इथे फ्लॅट ठाण्यात, सही ठाण्यात. त्यामुळे दावा.

काय केलं

पहिलं काम घराचं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी (हे श्रेय समोरच्या वकीलबाईंना, त्यांनीच सुचवलं) सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर फ्लॅटला दोन कुलपं लावली, एकेक किल्ली एकेका बाजूला, कोणी एकट्याने आत जायचं नाही. हे विसाव्या-एकविसाव्या दिवशी झालं. आधी झालं असतं तर पुढचा एक मोठा वाद वाचला असता.

मग दावा, उत्तर, मनाईचा अर्ज. पुतण्यांच्या उत्तरात पंधरा पानं खुनावर आणि दीड पान मृत्युपत्रावर. आमची पण तीच गत, सगळी शक्ती गोळ्या, कॅमेरा, किल्ली यावर चाललेली. सुप्रीम कोर्टाने १९५८ मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगून ठेवलंय की मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच संशयास्पद परिस्थिती दूर करायची असते, आणि इथे मृत्युपत्र भाचीच्याच लॅपटॉपवर टाईप झालेलं, ही एक मोठी गोष्ट होतीच. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

निर्णयाचा क्षण: तारीख

साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं तयार करायला बसलो तेव्हा मूळ मृत्युपत्राचं शेवटचं पान नीट बघितलं गेलं. काकूंची थरथरती सही, खाली १२ मार्च. डावीकडे पहिला साक्षीदार, खाली क्लिनिक असलेले फॅमिली डॉक्टर, निळ्या बॉलपेनने. उजवीकडे दुसरे, समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त बँक अधिकारी (पुढे त्यांना 'काका' म्हणतो), काळ्या जेलपेनने, आणि सहीखाली बारीक अक्षरात १४/३. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, सही केली की खाली तारीख टाकल्याशिवाय हात उचलत नाही. दाव्यासोबत जोडलेल्या झेरॉक्सवर ती तारीख रेषेत मिसळून गेली होती.

आता नियम असा: भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात, दोघं एकाच वेळी हजर पाहिजेत असं नाही, पण प्रत्येकाने एकतर करणाऱ्याला सही करताना बघितलेलं हवं किंवा 'ही माझीच सही' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि साक्षीदाराची स्वतःची सही करणाऱ्याच्या समोर झालेली हवी. म्हणजे १४ तारखेला सही केली हा दोष नाही. कुठे केली हा प्रश्न.

त्यांना ऑफिसला बोलावलं. त्यांनी सरळ सांगितलं. मार्च २०२१, कोरोना परत वाढत होता, त्यांना शुगर, ते कोणाच्या घरात जात नव्हते. भाची कागद घेऊन जिन्यात आली, त्यांनी तोंडाला मास्क लावून दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर कागद ठेवून सही केली. काकू? "आत होत्या. पडल्या असतील. दुपारची वेळ." काकूंच्या घराचं दार उघडं होतं का? "अर्धवट असेल, आता कसं सांगू."

आणि मग ते आपणहून म्हणाले, "मी वहिनींना जुलैमध्ये बोललो होतो ना. माझ्या साडूच्या केसमध्ये साक्षीदाराच्या सहीवरनंच लफडं झालेलं. म्हटलं वहिनी, मी ती सही जिन्यात केलीय, तो कागद परत करून घ्या, सगळ्यांना एकत्र बसवून. त्या म्हणाल्या, हो, गणपतीनंतर करू."

ऑफिसमध्ये दोन मिनिटं कोणी बोललं नाही. धाकट्याच्या वहीतला चौथा मुद्दा, 'कागद बदलायचाय', त्याचं हे उत्तर. काकूंना मजकूर बदलायचा नव्हता, सही नीट करून घ्यायची होती. भाचीला खुनाचं कारणच उरत नाही, उलट काकू जगणं तिच्या फायद्याचं होतं, कारण नवीन मृत्युपत्र पक्कं झालं असतं. पण तेच वाक्य कोर्टात आलं की मृत्युपत्र जवळजवळ गेलं. जी साक्ष तिला निर्दोष ठरवते तीच तिचा फ्लॅट घालवते.

मार्ग चार होते. फक्त डॉक्टरांना तपासायचं, कारण मृत्युपत्र सिद्ध करायला एक साक्षीदार पुरतो. पण जानकी नारायण भोईर (२००३) मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की तो एक साक्षीदार दुसऱ्याच्या सहीबद्दलही सांगू शकला पाहिजे, आणि डॉक्टर १४ तारखेला नव्हतेच. दुसरा मार्ग भाचीच्या नवऱ्याने सुचवला, "काकांना म्हणा ना, मावशी दारात उभ्या होत्या म्हणून, एवढंच तर आहे." त्यावर आम्ही त्यांना चहा दिला आणि विषय बंद केला. तिसरा, काका जे खरं ते कोर्टात सांगतील, दार उघडं होतं का यावर लढायचं, नशीब अजमावायचं. चौथा, काकांचा जबाब पोलिसांकडे आधी जाऊ द्यायचा, खुनाचा विषय संपवायचा आणि मग समझोत्याला बसायचं, हे जाणून की जबाबाची प्रत समोरच्यांना मिळणार.

सिनियरांचं मत तिसरं होतं, निदान सुरुवातीला. वकील म्हणून ते चूक नव्हतं, अशिलाचा हक्क आपण होऊन कशाला सोडायचा. भाचीने एक आठवडा मागितला आणि येऊन म्हणाली, "सर, फ्लॅट गेला तर गेला. पण कळव्यात, नौपाड्यात, लग्नाकार्यात, मावशीला हिनेच ढकललं असं मी जन्मभर ऐकू शकत नाही." चौथा मार्ग ठरला.

विसरलेली वारस

पुतण्यांना एक सख्खी बहीण आहे, पुण्याला दिलेली. त्यांच्या कागदांत तिचं नावच नव्हतं. कायद्याने नवऱ्याच्या भावाचा मुलगा आणि भावाची मुलगी एकाच पायरीवर, म्हणजे मृत्युपत्र पडलं तर फ्लॅटचे तीन भाग, दोन नाही. आम्ही तिला पक्षकार करा म्हणून अर्ज दिला. डावपेच म्हणून दिला, लपवत नाही. पण ताई आल्या आणि खेळच बदलला.

त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर घर उघडून बघायचा आग्रह धरला. दोन्ही किल्ल्या, दोन्ही वकील, सेक्रेटरी, व्हिडिओ चालू. स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांमागे तो प्लास्टिकचा औषधांचा डबा सापडला, सात कप्पे, रवि सोम मंगळ लिहिलेले, आणि प्रत्येकात बाकीच्या गोळ्यांबरोबर एकेक झोपेची गोळी. सात. ताई म्हणाल्या, "काकू शनिवारी रात्री आठवड्याचं भरून ठेवायची, मी लहान असताना तिच्या नवऱ्याची, आमच्या काकांची, औषधं पण अशीच भरायची." पंचनाम्यात स्ट्रिप आली, डबा आला नाही.

धाकट्याने लगेच म्हटलं की कुलपं लागण्याआधी कोणीही तो डबा तिथे ठेवला असेल. वीस दिवस घर एका किल्लीवर होतं, त्यामुळे याला ठाम उत्तर आमच्याकडे नव्हतं. उत्तर नंतर व्हिसेराच्या रिपोर्टमधून आलं, झोपेच्या औषधाचा अंश, नेहमीच्या डोसइतका, विष नाही. काकांचा जबाब, डबा, रिपोर्ट, तिन्ही मिळून पोलिसांनी अपघाती पडून मृत्यू म्हणून चौकशी बंद केली. बाथरूमबाहेरची लादी दोन वर्षांपासून उखडलेली होती, सोसायटीच्या तक्रारवहीत काकूंच्याच अक्षरात तक्रार आहे.

निष्पत्ती

२०२३ च्या सुरुवातीला कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. आत काय बोललं गेलं ते गोपनीय, ते लिहिणार नाही. बाहेर जे आलं ते असं: फ्लॅटचे चार सारखे भाग, दोन पुतणे, ताई आणि भाची. एफडी आणि सोनं पूर्ण भाचीला. पुतण्यांनी लेखी दिलं की खुनाचा आरोप मागे घेतोय आणि पुन्हा करणार नाही, हे वाक्य भाचीच्या आग्रहाने कलम क्रमांक एक म्हणून घातलं, पैशाच्या कलमांच्या आधी. कन्सेंट टर्म्सवर (सगळ्यांनी मान्य केलेल्या अटींवर) डिक्री झाली, सोसायटीने चौघांची नावं घेतली, बिल्डरशी करार चौघांनी मिळून केला.

मृत्युपत्र पूर्ण टिकलं असतं तर भाचीला सगळं मिळालं असतं. पडलं असतं तर शून्य. काही जण म्हणतात तिने घाई केली, दार उघडं असण्यावर पन्नास टक्के चान्स होता. माझं मत पन्नास कधीच नव्हतं. काकू पडून होत्या असं साक्षीदार स्वतः सांगतोय, आणि काकूंनी 'ही माझी सही' असं त्यांना १४ तारखेला सांगितल्याचं तर कुठेच नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मृत्युपत्र करताना डॉक्टर, काका आणि काकू यांना एका टेबलाशी दहा मिनिटं बसवता आलं असतं. कोरोनाची भीती खरी होती, मग खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसायचं, तेव्हा लोकांनी साखरपुडेसुद्धा तसे केले. जुलैत दोष कळल्यावर 'गणपतीनंतर' म्हणणं हे आपल्याकडचं नेहमीचं, त्याला काय बोलणार. भाचीने टाईप न करता त्रयस्थाकडून करून घेतलं असतं तर संशयाचा एक धागा कमी झाला असता. सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलं असतं तर बहुतेक साक्षीदार तिथेच एकत्र आले असते, अर्थात रजिस्टर झालेलं मृत्युपत्रही आपोआप सिद्ध होत नाही, हा गैरसमज ठाण्यात घरोघरी आहे.

पुतण्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांनी पहिल्या दिवशी मूळ कागदाची तपासणी मागितली असती तर ती तारीख त्यांनाच आधी दिसली असती, आणि मग कदाचित भाचीला काहीच मिळालं नसतं. खुनाच्या पंधरा पानांनी त्यांचं स्वतःचंच नुकसान केलं. थोरल्याने हे मला नंतर कोर्ट नाक्यावर चहा पिताना कबूल केलं, धाकटा अजून मानत नाही, त्याच्या वहीत डब्याच्या पुढे प्रश्नचिन्ह आहे.

वारसांची यादी तर सगळ्यात आधी व्हायला हवी होती, आणि ती दोन्ही बाजूंनी. लग्न करून दिलेली बहीण मोजायची नाही ही सवय वकिलांच्या कागदांतही उतरते.

एक सावधगिरी. हे समझोत्याने संपलेलं प्रकरण आहे, जिन्यातली सही चालते की नाही यावर कोर्टाने निकाल दिलेला नाही, त्यामुळे याचा दाखला देऊन कोणी आपल्या केसमध्ये काही मागू नये. दार अर्धवट उघडं असताना केलेली सही 'समोर' केली असं धरायचं का, हा प्रश्न तसाच आहे.